डाव्या बाजूचा तिसरा ठिपका

मी संशयी आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. माझे मिस्टर वीरभद्र तर पाहुण्यांसमोर सांगतात, "हिला दूधवाल्याच्या म्हशीवरसुद्धा संशय येतो." येतोच. त्या दूधवाल्याची म्हैस दोन महिने आटलेली होती आणि आमच्याकडे रोज दोन लिटर दूध वेळेवर येत होतं. मग म्हशीवर नाही तर कुणावर संशय घ्यायचा?

लातूरला माझं चष्म्याचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली. फ्रेम विकणारे एजंट बॅगा घेऊन येतात आणि काउंटरवर माल मांडून म्हणतात, "मॅडम, प्युअर ॲसिटेट." ड्रॉवरमधून बारीक कानस काढते, काडीच्या आतल्या बाजूला दोनदा घासते आणि नाकाशी नेते. ॲसिटेट असेल तर थोडा शिरक्यासारखा आंबट वास येतो. साच्यात ओतलेलं साधं प्लास्टिक असेल तर जळक्या बादलीचा येतो. शिवाय ॲसिटेटचा रंग आरपार असतो, फवारलेला रंग कानशीखाली लगेच पांढरा पडतो. निम्मे एजंट कानस बघूनच बॅग आवरायला लागतात. हे सगळं मला अप्पांनी शिकवलं. माझे वडील शिवमूर्तीअप्पा, औशाला त्यांचं चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान होतं.

त्या मंगळवारी सकाळी वर्षाराणी नावाची मुलगी दुकानात आली. नांदेडची, इथे क्लाससाठी हॉस्टेलवर राहणारी. लातूरला अशा मुलांची कमी नाही, मार्कांबरोबर त्यांचे नंबरही वाढत असतात आणि माझं दुकान त्यावरच चालतं. तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता.

"काड्या जरा आवळून द्या ना मॅडम. पण जपून हं, डिझायनर आहे. रेट्रो. नांदेडला हातानं बनवतात."

हातानं बनवतात! मी मनातल्या मनात कानस उचललीसुद्धा. पण चष्मा हातात घेतला आणि मान्य करावं लागलं, माल खरा होता. जाड, मधाच्या रंगावर तपकिरी डाग, नाकाजवळ कुलपाच्या भोकासारखी कमान. साठ-सत्तर सालात मास्तर, तलाठी, कंपाउंडर जी घालायचे, तीच घडण. मी काडी हिटरसमोर धरली, थोडी मऊ झाल्यावर वाकवायला म्हणून पुढची बाजू फिरवली आणि माझा हात थांबला.

अशा चष्म्याला पुढून दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन चंदेरी ठिपके असतात. ते सजावटीचे नसतात, बिजागरी धरून ठेवणाऱ्या पिनांची ती डोकी असतात. या चष्म्याला उजवीकडे दोन होते. डावीकडे तीन. तिसरा पितळी, खाली आणि जरा बाहेर सरकलेला.

सजावट करणारा माणूस दोन्ही बाजूंना सारखी करतो. एकाच बाजूला असते ती दुरुस्ती. आणि ही दुरुस्ती माझ्या ओळखीची होती. मी नववीत असताना अप्पा स्वतःच्याच चष्म्यावर बसले, डावा कोपरा चिरला. त्यांनी पितळी तार कापून पिन केली आणि चष्मा मला धरायला दिला. छिद्र पाडताना माझा हात हलला, म्हणून तो ठिपका रेषेत नाही. अप्पा तेव्हा म्हणाले होते, "राहू दे, तुझी सही झाली ही." पुढे तीस वर्षं त्यांनी तोच चष्मा वापरला.

मी काडी उलटी करून आत बघितलं. बारीक अक्षरांत छापलं होतं, 'औसा'.

"हे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"मॉडेलचं नाव मॅडम. त्यांच्याकडं सगळ्यांना गावांची नावं असतात. मुखेड हाय, अर्धापूर हाय. हे मागच्या वर्षी आलं."

मुलीला मी चष्मा नीट करून दिला आणि शटर अर्धं ओढून खुर्चीत बसले. कारण अप्पांचा तो चष्मा कुणाच्या कपाटात नव्हता. तो अप्पांच्या डोळ्यांवर होता, आणि अप्पांना जाऊन चार वर्षं झाली होती.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि तसंच बसलेलं समाधीत ठेवतात. अप्पांना सोप्यात बसवलं होतं तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई रत्नम्मा, एकच गोष्ट बोलत होती. "त्यांना चष्म्याबिगर हातातलं लिंग दिसत न्हाई गं." अप्पांना जवळचं खरोखरच काही दिसत नसे. म्हणून मीच आतून चष्मा आणला, काचा पदराने पुसल्या आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला. काड्या कानामागे नीट बसल्या की नाही ते बघितलं. सवय.

शेतात समाधीचा खड्डा होता. मी अव्वाला धरून लांब लिंबाखाली बसले होते. खड्ड्यात उतरले ते फक्त दोघं, क्रिया करणारे स्वामी आणि माझा धाकटा भाऊ संगमेश्वर.

घरी आल्यावर अव्वा जेवेना. पाणीसुद्धा घेईना. संध्याकाळी मी तिच्यासमोर ताट घेऊन बसले आणि म्हटलं, "अव्वा, चष्मा आहे त्यांच्या डोळ्यांवर. मी माझ्या हातानं घातलाय. त्यांना सगळं दिसतंय." तेव्हा कुठे तिने घास घेतला. त्या एका वाक्यावर ती बाई चार वर्षं जगत होती. रोज संध्याकाळी लिंगपूजा झाली की म्हणायची, "चष्मा हाय त्यांच्यापाशी, तेवढं बरं झालं."

आता तो चष्मा जर जमिनीखाली नसेल, तर अव्वाचं काय होईल, याची मला धास्ती वाटली. आणि तो वर कुणी आणला असेल, या विचाराने डोकं फिरलं.

मी स्वतःला समजावायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. फोटो बघून बनवला असेल? पण अप्पांच्या फोटोत तो ठिपका दिसतच नाही. भिंतीवरच्या मोठ्या फोटोत तर चष्माच नाही, काचा चमकतात म्हणून फोटोग्राफरने काढायला लावला होता. अप्पा असताना कुणी बघून नक्कल केली असेल? अप्पा झोपतानाच चष्मा काढायचे, आणि उशाखाली ठेवायचे. समाधी कुणी उकरली असेल? तिच्यावर चौथरा बांधून झाला आहे, आणि संगू तिथे दर सोमवारी जातो.

संगू. शेवटी गाडी तिथेच येऊन थांबली. मग एकेक आठवायला लागलं. अव्वाने चष्म्याचा विषय काढला की संगू उठून बाहेर जायचा. पहिल्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळे समाधीवर गेलो, पण हा पहाटेच एकटा जाऊन आला होता. "का रे?" विचारलं तर म्हणाला, "झाडलोट करायची होती अक्का." आणि त्याच्या चपलांना ओली माती होती. झाडलोटीला माती ओली कशी होते?

मिस्टरांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली केला. "तुझा सख्खा भाऊ बापाच्या डोळ्यांवरचा चष्मा काढंल? भुसार दुकान हाय त्याचं, खाऊनपिऊन सुखी हाय. कशाला काढंल?"

"तेच विचारायचंय मला."

"त्याला फोन करून विचार मग."

फोन! फोनवर माणूस सावध होतो. मी आधी पुरावा बघणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नांदेडला गेले. पत्ता वर्षाराणीकडून घेतला होता. एका जुन्या घराचा पुढचा भाग दुकान, मागे कारखाना. भिंतीवर लाकडी फळ्या, फळीवर चष्मे, प्रत्येकाखाली गावाचं नाव. 'अर्धापूर' पिकायला लागलेल्या केळीच्या रंगाचा होता. 'मुखेड' गोल, काळा. 'औसा' तिसऱ्या फळीवर, एक नाही, नऊ होते. नऊच्या नऊ चष्म्यांना डावीकडे तिसरा ठिपका. माझ्या हललेल्या हाताची चूक रांगेत मांडून ठेवली होती. मला संताप आला.

मालक आनंदराज, पस्तिशीचा, दाढीवाला. मी गिऱ्हाईक म्हणून एक 'औसा' उचलला, अंगठ्याने जोरात चोळला आणि वास घेतला. त्याने लगेच माझ्याकडे रोखून बघितलं.

"ताई, तुम्ही दुकानदार हाव का?"

"का?"

"गिऱ्हाईक आरशात बघतं. वास कुणी घेत न्हाई." त्याने टेबलावरचे डिझाइनचे कागद हळूच गोळा करून फडताळात टाकले. मी त्याच्यावर संशय घेऊन आले होते, आणि तो माझ्यावर घेत होता. मला तो माणूस जरासा आवडला.

मग मी धंद्याचं बोलत गेले आणि तो खुलला. ॲसिटेटचे तक्ते तो बाहेरून मागवतो. मशीनवर कापतो, मग लाकडाच्या बारीक तुकड्यांबरोबर पिंपात चार दिवस फिरवतो, शेवटी एकेक चष्मा हाताने घासून चमकवतो. काडीच्या आत तार दिसते ती दाखवली. पिना तो अजून हातोडीने ठोकतो, चिकटवत नाही. 'मुखेड' त्याच्या आजोबांचा, बाजाराच्या दिवशी शिवणयंत्र घेऊन बसायचे त्यांचा. सगळी मॉडेल खऱ्या माणसांच्या चष्म्यांवरून घेतलेली.

"आणि हा औसा? हा तिसरा ठिपका कशाला?"

"मूळ चष्म्यातच हाय तो. मला लई आवडला. दुरुस्ती झाकायची कशाला? लोकं तर त्यासाठीच घेऊन राहिलेत."

"मूळ चष्मा आहे तुमच्याकडं? बघू."

तो जरा घुटमळला. मग मागे जाऊन एक स्टीलचा डबा घेऊन आला, कारखान्याच्या दारापासून लांब, खिडकीपाशी नेऊन उघडला. "याला मी मशीनच्या आसपास आणत न्हाई. जुना सेल्युलॉइडचा हाय. एक ठिणगी पडली तर भस्सकन पेटंल."

"मला सांगू नका," मी म्हटलं. "माझा जन्म यात गेलाय."

फडक्यात तो होता. डाव्या काडीच्या टोकाला अप्पांच्या दातांच्या खुणा, विचार करताना चावायची सवय होती त्यांना. मी अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं. नव्याला आंबट वास येतो. याला कापराचा आला. सेल्युलॉइडमध्ये कापूरच असतो. अप्पांच्या जवळ गेलं की हाच वास यायचा आणि मी लहानपणी समजायचे की तो पूजेचा आहे. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

"कुणी दिला हा तुम्हाला?"

"औशाचे एक काका हाईत. तीन वर्सं झाली. पण ताई, त्यांनी सांगून ठेवलंय की माझ्याशिवाय कुणाच्या हातात—"

"संगमेश्वर नाव का?"

त्याने डब्याचं झाकण हातात घेतलं. मी म्हटलं, "मी त्याची मोठी बहीण. हा माझ्या वडिलांचा चष्मा. खोटं वाटत असेल तर काचा मशीनवर लावा. उजवा प्लस सव्वादोन. डावा पावणेतीन, त्याला सिलिंडर अर्धा, नव्वदवर. खाली वाचायची काच, दोन्हीला अडीच."

त्याने खरोखरच नंबर मोजायच्या लेन्सोमीटरवर लावून बघितलं. मी तरी तेच केलं असतं. डावी काच बघून झाल्यावर त्याने मान वर केली आणि मुकाट्याने चष्मा माझ्या हातात दिला.

"घेऊन जा ताई. पण एक ऐका. तुमचे भाऊ आले तेव्हा लई—"

"त्याचं मी त्याच्याकडूनच ऐकते," असं म्हणून मी निघालेसुद्धा. तो दारापर्यंत मागे आला होता. मला थांबायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

एसटीत खिडकीजवळ बसले, पर्स छातीशी धरून. नांदेडपासून लातूरपर्यंत मी मनात एकच खटला चालवला. खड्ड्यात दोघंच होते. स्वामी चष्मा घेणार नाहीत. म्हणजे संगूने अप्पांच्या डोळ्यांवर हात घातला. मेलेल्या माणसाच्या. बापाच्या. का, तर तिकडे नांदेडला नक्कल करून लोकांनी मिरवावं म्हणून? मधेच मला वाटलं, अव्वाला यातलं काही कळता कामा नये. संगूला बाहेर बोलवायचं, दुकानात गाठायचं, अव्वाच्या कानावर पडू द्यायचं नाही. हे मी नक्की ठरवलं होतं. लातूरला उतरून घरी न जाता तशीच औशाच्या गाडीत बसले.

दिवेलागणीला पोचले. संगू नेमका अंगणात उभा होता, नळीने झाडांना पाणी घालत. मला बघून हसला. "अक्का? आगाऊ काही न कळवता? ये ये, स्वप्नाली माहेरी गेलीय, पण चहा मी करतो."

तो हसला नसता तर कदाचित मी ठरवल्याप्रमाणे वागले असते. मी पर्स उघडली आणि चष्मा त्याच्या तोंडासमोर धरला.

त्याच्या हातातली नळी खाली पडली. पाणी तसंच वाहत राहिलं.

"अक्का, हळू," तो म्हणाला. "अव्वा आत पूजेला बसलीय. चल, दुकानात जाऊन बोलू."

"कशाला? लाज वाटतीय?"

"अक्का, पाया पडतो तुझ्या. इथं नको."

इथं नको म्हटल्यावर तर माझा आवाज आणखी चढला. मला तो अजूनही ऐकू येतो, चांगला गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "अप्पांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढलास तू! खड्ड्यात उतरून! माती पडायच्या आधी बापाला आंधळं केलंस, आणि चार वर्षं हिच्या हातचं जेवतोयस!"

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे बघत होता.

अव्वा उंबऱ्यात उभी होती. डाव्या तळहातावर लिंग तसंच होतं, त्यावर उजवा हात झाकलेला. पूजेतून ती कधीच मधे उठत नाही. मी चष्मा पाठीमागे लपवला. आता लपवून काय उपयोग होता?

"संगू," ती म्हणाली, "ही काय म्हणून राहिली?"

संगू पायरीवर बसला. पन्नाशीला आलेला माणूस, पण खाली मान घालून शाळेतल्यासारखा बोलत होता.

"अव्वा, मी काढला. स्वामींनी आरतीला कापूर पेटवला. मोठी वडी होती, तळहाताएवढा जाळ. आणि ते अप्पांच्या तोंडाजवळ नेऊन राहिले. मला एकदम आठवलं, अप्पा सांगायचे, ह्यो चष्मा दिव्याजवळ नेऊ नको, बारुद हाय. त्यांनी मला तुकडा जाळून दाखवला होता. मला वाटलं, आता भडकला तर? अप्पांच्या तोंडाला आग लागली असती अव्वा. आपल्यात तर जाळत न्हाईत. म्हणून काढला आणि खिशात ठेवला. आरती झाली की परत घालायचा म्हणून. पण आरती झाली की मीठ पडायला लागलं, विभूती, बेल. स्वामी म्हणाले, वर चला, वर चला. दोघातिघांनी मला हाताला धरून वर ओढलं. मी रडून राहिलो होतो. ध्यानातच राहिलं न्हाई. घरी येऊन सदरा काढाय गेलो तर खिशात चष्मा."

संगूने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"मी तसाच आत आलो, सांगायला. दारात आलो तर अक्का तुझ्यासमोर ताट घेऊन बसलेली. म्हणत होती, चष्मा हाय त्यांच्या डोळ्यांवर, मी माझ्या हातानं घातलाय. आणि तू घास घेतलास. मग मी काय सांगू?"

त्या दारात तो उभा होता हे मला माहीत नव्हतं. माझी पाठ होती त्याच्याकडे.

"घरात ठेवावा तर तू सगळी कपाटं आवरतीस. नदीत टाकायला हात होईना. मग त्या नांदेडच्या पोराचं कुणीतरी सांगितलं. त्याला म्हटलं, हुबेहूब असाच एक करून दे, पण न पेटणारा. त्यानं नव्या मालाचा करून दिला. तो ठिपकासुद्धा केला. काचासुद्धा अप्पांच्याच नंबरच्या. वर्षश्राद्धाच्या पहाटे जाऊन चौथऱ्याच्या कडंनं उकरला, हात गेला तेवढं खोल, आणि बेलाच्या पानात गुंडाळून ठेवून आलो. हा जुना त्या पोरापाशीच राहू दे म्हटलं. त्यानं विचारलं, याच्यासारखे आणखी करू का? मी कशाला न्हाई म्हणू? एक रुपया घेतला न्हाई मी अव्वा."

माझ्या पाठीमागे तो चष्मा माझ्या घामाने ओला झाला होता. सेल्युलॉइड पेटतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कालपर्यंत मी एजंटांना शिकवत होते. आणि समाधीत कापराची आरती होते हे मला लहानपणापासून माहीत. तरी तो चष्मा मीच त्यांच्या डोळ्यांवर चढवला होता, काड्यासुद्धा नीट बसवून. जे मला सुचायला पाहिजे होतं ते संगूला त्या खड्ड्यात, रडता रडता सुचलं. आणि मी त्याला चोर ठरवून आले होते.

"संगू—" मी म्हटलं.

अव्वाने हात वर केला. माझ्यासाठी. तिने कधी मला असं गप्प केलं नव्हतं.

"ह्यानं चार वर्सं पोटात ठेवलं," ती म्हणाली. "तुला नांदेड ते औसा दम निघाला न्हाई."

मग तिने संगूच्या डोक्यावर कोपर हलकेच टेकवलं, दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून, आणि म्हणाली, "पाणी बंद कर. जेवाय चल." माझ्याकडे बघून म्हणाली, "तो चष्मा घेऊन जा. माझ्या घरात नको." आणि आत गेली.

संगूने मला जेवायला थांबवायचा प्रयत्न केला. बसस्टँडपर्यंत सोडायलाही आला. मी माफी मागितली तर म्हणाला, "जाऊ दे अक्का. तुला तरी काय ठाऊक." त्याने असं बोलायला नको होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गाडी हलेपर्यंत तो उभा होता आणि मी खिडकीतून त्याच्याकडे बघू शकले नाही.

चार दिवस अव्वाचा फोन नाही. संगूला विचारलं तर म्हणाला, जेवते पण अर्धीच भाकरी. बोलत नाही फारसं. पूजा झाली की तशीच बसून राहते.

पाचव्या दिवशी सकाळी दुकान उघडत होते तेव्हा तिचा फोन आला.

"अंजू."

"बोल अव्वा."

"तो नवा चष्मा. संगूनं ठेवलेला."

"हां."

"तो त्यांना बसला असंल का गं?"

हा प्रश्न मला रोज दहा माणसं विचारतात. बाबांना चष्मा बसेल ना, आजीला दिसेल ना. माझं उत्तर ठरलेलं असतं. मी म्हटलं, "बसला असणार अव्वा. माप तेच आहे. नंबर तोच आहे. कारागीर चांगला आहे, मी स्वतः त्याचा माल बघितलाय."

मागे कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता.

"पण तो तर बाजूला पुरलाय. पानात गुंडाळून. डोळ्यांवर कुणी घातला त्यांच्या?"

मी म्हटलं, "त्यांनी घेतला असेल अव्वा. हाताला लागला असेल."

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग कशावरून म्हणतीस?"

आमच्या घरात असं फक्त मी विचारते. अव्वाने आजवर कुणाच्या शब्दावर प्रश्न केला नव्हता, अप्पांच्या नाही, संगूच्या नाही, माझ्या तर नाहीच. मी ताट घेऊन बसले होते तेव्हा तिने नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं होतं आणि घास घेतला होता.

आता ती रोज फोन करते. रोज हेच विचारते, आणि मी रोज सांगते की माप तेच आहे, नंबर तोच आहे, त्यांना सगळं दिसतंय. ती शेवटपर्यंत ऐकून घेते आणि म्हणते, "खरं सांगतीस का?" मी हो म्हणते. तिला ते पटत नाही.